वृद्धसेवेची पात्रता : जपानच्या इतिहासाचा धडा

वृद्धांची सेवा हे पुण्यकर्म होय, याविषयी कोणत्याही समाजात दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो पुढेच. राज्याने ही सेवा कोणत्या वृद्धास द्यावी, आणि त्याची पात्रता कशावरून ठरवावी? जपानने या प्रश्नाची निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा आपण येथे घेऊ. समाज वृद्धास याचक मानतो की नागरिक, हे पात्रतेच्या अटींवरूनच कळते, असे आम्हांस वाटते.

सम्राज्ञी कोम्यो हिने 730 मध्ये नारा येथे गरीब रुग्णांसाठी औषधगृह स्थापन केले. निराधारांसाठी 'हिदेन-इन' ही आश्रयगृहेही त्याच काळातील. 'हिदेन' म्हणजे करुणेचे क्षेत्र. कल्पना बौद्ध विचारातून आलेली. पुढे 757 मध्ये अंमलात आलेल्या योरो संहितेने 80 वर्षांच्या वृद्धास 1, 90 व्या वर्षी 2 आणि 100 व्या वर्षी 5 सेवक देण्याची तरतूद केली. परंतु हे सेवक प्रथम त्याच्याच मुला-नातवंडांतून नेमावयाचे असत. निराधार वृद्धाचा भारही आधी नातलगांवर व ते नसल्यास गावावर होता. त्या करुणेचे मोल आम्ही कमी लेखत नाही; मात्र ती दात्याच्या इच्छेवर अवलंबून होती. वृद्धाच्या हाती अधिकार नव्हता.

मेईजी राज्याने 1874 मध्ये साहाय्याचे नियम केले. त्यांनुसार वृद्ध 70 वर्षांचा, अत्यंत गरीब, एकाकी आणि आजाराने वा जरेने काम करण्यास असमर्थ असावा लागे. 1929 च्या कायद्याने वयाची अट 65 वर आणली, तरी सांभाळण्यास समर्थ नातलग असल्यास साहाय्य मिळत नसे. शिवाय दारिद्र्यामुळे साहाय्य घेणाऱ्यास 1925 च्या निवडणूक कायद्यानुसार मताधिकार नव्हता. पोटाला अन्न हवे असेल तर नागरिकत्वावर पाणी सोडा, असाच याचा अर्थ होता.

1946 च्या राज्यघटनेने कलम 25 मध्ये किमान सुसंस्कृत जीवनाचा हक्क मान्य केला. 1963 च्या वृद्धकल्याण कायद्याने सतत शुश्रूषेची गरज असलेल्यांसाठी विशेष वृद्धगृहे निर्माण केली. तथापि प्रवेशाचा निर्णय प्रशासनाच्या हाती होता आणि घरपोच मदत 1982 पर्यंत अल्प उत्पन्नाच्या घरांपुरतीच होती. उरलेला सारा भार घरातील सुना, पत्नी व मुली यांच्यावर पडे. हिगुची केइको यांच्या पुढाकाराने 1983 मध्ये स्थापन झालेल्या महिला संघटनेने हा अन्याय वेशीवर टांगला.

1997 मध्ये संमत झालेला शुश्रूषा विमा कायदा 1 एप्रिल 2000 पासून लागू झाला. 65 वर्षांवरील प्रत्येकास, तसेच ठरावीक वार्धक्यजन्य रोग असल्यास 40 ते 64 वयाच्या व्यक्तीस, अर्ज करता येतो. तपासनीस घरी येऊन उठणे, चालणे, जेवणे, स्मरण यांविषयी 74 बाबींची नोंद घेतो. तीवरून संगणक प्राथमिक निर्णय देतो. मग डॉक्टरांचे मत पाहून तज्ज्ञांचे मंडळ अंतिम स्तर ठरवते. 'आधार' हे 2 स्तर आणि 'शुश्रूषा' हे 5 स्तर आहेत. निर्णय अमान्य असल्यास अपील करता येते. उत्पन्नावरून स्वतः भरावयाचा हिस्सा बदलतो, पण पात्रता बदलत नाही. घरात सून आहे म्हणून स्तर कमी होत नाही. नातलगांना रोख भत्ता देण्याची सूचनाही मान्य झाली नाही, कारण त्यामुळे स्त्रिया पुन्हा त्याच कामाला जखडल्या जातील असा आक्षेप होता.

मात्र मिळालेला हक्क आपोआप टिकत नाही. 2015 पासून विशेष वृद्धगृहात सामान्यतः तिसऱ्या वा त्यावरील शुश्रूषा-स्तराच्या वृद्धांनाच नवा प्रवेश मिळतो. कायदा रद्द न करताही पात्रतेची रेषा वर सरकवून हक्क आक्रसता येतो. म्हणून कोणतीही योजना पाहताना केवळ तिचे नाव व रक्कम पाहू नये. तिच्या अटी वाचाव्यात. वृद्धाला काय हवे आहे असे त्या विचारतात, की त्याला कोणी नाही हे सिद्ध करावयास लावतात? या एका कसोटीवर दया आणि न्याय यांतील अंतर मोजता येते.