सरोवरप्रांतांतील वस्ती आणि वर्दळ

इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरप्रांताचें नांव आमच्या सुशिक्षित वाचकांस कवितेमुळें परिचित आहे. परंतु कवि तेथें येऊन राहिले त्यापूर्वीं तेथें कोण राहत होतें, या प्रश्नाकडे आमच्या पाठ्यपुस्तकांचें लक्ष सहसा जात नाहीं.

या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या स्वतःची थोडी जमीन कसून मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा एक वर्ग होता. त्यांस तिकडे 'स्टेट्समन' म्हणत. राज्यकारभाराशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. आमच्याकडील मिरासदार डोळ्यांपुढें आणला म्हणजे त्यांची साधारण कल्पना येईल. १७९९ च्या डिसेंबरांत वर्ड्स्वर्थ बहिणीसह ग्रासमियर येथें राहावयास आला, तेव्हां हा वर्ग मोडकळीस येत चालला होता. 'मायकेल' या काव्यांतील वृद्ध मेंढपाळाचें दुःख पुत्राइतकेंच जमिनीचेंही आहे. आणि १८०१ च्या जानेवारींत चार्ल्स जेम्स फॉक्स या मुत्सद्द्यास आपला काव्यसंग्रह पाठवितांना कवीनें सोबतच्या पत्रांत या लहान मालकांच्या ऱ्हासाकडेच त्याचें लक्ष वेधलें. 'निसर्गकवि' एवढेंच म्हणून आम्ही ज्याची बोळवण करतों, त्याला घरें व शेतेंही किती स्पष्ट दिसत होतीं!

मौज अशी कीं, पाहुण्यांची रीघ वाढण्यास तो स्वतःही कारण झाला. टॉमस वेस्टची मार्गदर्शिका १७७८ मध्येंच निघाली होती. वर्ड्स्वर्थचें वर्णन १८१० मध्यें निनांवी छापलें गेलें व १८३५ पर्यंत त्याची पांचवी आवृत्ति निघाली. हा प्रदेश एका परीनें साऱ्या राष्ट्राची मालमत्ता होय, असा अभिप्राय त्यांत आहे. असें असतां १८४४ मध्यें केंडालहून विंडरमियरकडे आगगाडी नेण्याचा बेत ठरला, तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांत पत्रें लिहून कडाडून विरोध केला. मजुरांच्या झुंडी आणल्यानें त्यांना सौंदर्यदृष्टि येत नाहीं, हा त्याचा मुख्य आक्षेप. येथें कवीचा न्याय लंगडा पडतो असें मला वाटतें. १८४७ मध्यें गाडी आली; पण स्थानक सरोवरापासून मैलभर अलीकडेच, बर्थवेट या खेड्यापाशीं राहिलें, आणि त्या खेड्यानेंच पुढें विंडरमियर हें नांव घेतलें. सुटीचे मजूर सायंकाळीं परत जात. सरोवराच्या कांठीं कायमचे उभे राहिले ते लँकेशरच्या गिरणीमालकांचे बंगले.

उतारवयांत तेथें विसाव्यास येणाऱ्यांत रस्किनही होता. त्यानें १८७१ मध्यें ब्रँटवुड हें घर न पाहतांच विकत घेतलें. परंतु मूळच्या शेतकऱ्यांच्या उपयोगीं पडली ती बीट्रिक्स पॉटर. बालकथांच्या उत्पन्नांतून तिनें १९०५ मध्यें हिल टॉप हें शेत घेतलें आणि पुढें एकेक शेत जोडीत गेली. १९४३ मध्यें ती वारली, तेव्हां चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टकडे आली. तेथील हर्डविक जातीच्या मेंढ्या डोंगरावर राखाव्या, अशी तिची इच्छा होती. १९५१ मध्यें हा प्रांत राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २०१७ मध्यें जागतिक वारसा. हर्डविक मेंढ्या अद्यापि डोंगरावर चरत आहेत. मात्र कित्येक गांवांतील घरें आज केवळ सुटीपुरतींच उघडतात, आणि त्यांच्या किंमती तेथें जन्मलेल्या तरुणांच्या आवांक्यांत राहिलेल्या नाहींत.