माझंच पान, मलाच ताकीद

वननोट या डिजिटल वहीतल्या पानाच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर क्लिक केलं की मायक्रोसॉफ्ट ऑफिस बजावतं: दुवा धोकादायक असू शकतो, पुढे जायचं का? अरे, पान माझंच, त्यातली वाण्याची यादीही माझीच! पण या संशयामागे इतिहास आहे. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस प्रेमपत्र बनून आला. नावाच्या शेवटचं ‘.व्हीबीएस’ विंडोज लपवायचं, त्यामुळे ती साधी ‘.टीएक्सटी’ फाइल वाटे. 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने नेटवरून उतरवलेल्या फायलींवर खूण करायला सुरुवात केली. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘डिसेबलहायपरलिंकवॉर्निंग’ 1 केलं की ताकीद थांबते, पण ऑफिसमधल्या इतर दुव्यांचीही. म्हणून मी ते करत नाही. शिवाय वननोटही सुरक्षित नव्हतं: 2023 मध्ये भामटे वननोटच्या पानावरच खोट्या बटणाखाली घातक फाइल दडवत होते; त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तिथून अशा फायली उघडणंच बंद केलं.