व्हीटी-ईसीक्यू : उड्डाणयोग्यतेचा दाखला आणि चिकलठाण्याची धावपट्टी

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विमानाजवळ नोंदणीचा आणि उड्डाणयोग्यतेचा असे दोन दाखले असावेत, हे १९१९ च्या पॅरिस कराराने ठरवले. नोंदणीचा दाखला विमान कोणत्या देशाचे व कोणाच्या मालकीचे हे सांगतो. उड्डाणयोग्यतेचा दाखला ते मान्य आराखड्याबरहुकूम बांधलेले असून सुरक्षितपणे उडण्याच्या स्थितीत आहे, याची ग्वाही देतो. १९२९ पासून भारतीय विमानांवर 'व्हीटी' ही अक्षरे आली, १९३४ मध्ये विमान अधिनियम झाला, आणि १९३७ च्या विमान नियमांनी या दोन्ही दाखल्यांचा तपशील बांधून दिला. चिकलठाण्याची धावपट्टी ज्या शहराची, ते औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या पुढाकाराने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजची विमानेही व्हीटी चिन्हानेच उडत, आणि १९५३ मध्ये ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

याच इंडियन एअरलाइन्सचे व्हीटी-ईसीक्यू हे बोइंग ७३७ विमान २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या अगदी शेवटी जमीन सोडताच त्याची डावीकडील चाके व इंजिनाचा खालचा भाग पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी वाहून नेणाऱ्या ट्रकला धडकले. त्यानंतर सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विद्युत तारांना लागून ते कोसळले, आणि त्यातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन कारणे पुढे आली: विमानाचे नाक उचलण्यास वैमानिकांनी केलेला उशीर व त्यातील चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश.

१९३७ च्या नियमांपैकी ५५ वा नियम सांगतो की सुरक्षिततेला बाधक असे मोठे नुकसान झाले की उड्डाणयोग्यतेचा दाखला निलंबित झाला असे मानावे. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नियमाचा शब्दार्थ घेतला तर व्हीटी-ईसीक्यूचा दाखला ट्रक आणि तारा यांच्यामधल्या त्या तीन किलोमीटरांत, प्रवासी आत बसलेले असतानाच, गळून पडला. यंत्राविषयीच्या प्रश्नांना कायद्याने इतकी बारीक उत्तरे दिली होती; धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्याविषयी मात्र हा दाखला काहीच बोलत नव्हता, आणि बोलणे त्याचे कामही नव्हते. ते काम १९७२ मध्ये अधिनियमात घातलेल्या ९-अ या कलमाकडे होते, ज्यान्वये विमानतळाभोवती इमारत बांधण्यास वा झाड लावण्यास बंदी घालता येई. कापसाचा ट्रक ना इमारत होता, ना झाड.