न जुळलेला हिशेब

मंडळाची किर्द ज्या भगिनींनी सांभाळली आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. वर्षअखेर दोन रुपयांची तूट निघाली, तर पदरचे दोन रुपये घालून मेळ बसविणे सोपे. तूट कोठून आली ते शोधणे कठीण. सृष्टीच्या घडणीविषयीचे काही मोठे शोध अशाच न जुळलेल्या हिशेबांतून लागले आहेत. त्यांची ही थोडक्यात हकिगत.

काही किरणोत्सारी पदार्थांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेव्हा थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसे. ऊर्जेचा नियमच येथे लागू पडत नसेल, असे नील्स बोर यांच्यासारख्या थोरांनाही वाटले. १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी निराळे उत्तर सुचविले : कोणास न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. हाच न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडावयास १९५६ साल उजाडले. सूर्याकडून येणारे असे सुमारे ६,००० कोटी कण आपल्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदास आरपार जातात, आणि आपणांस त्याची गंधवार्ताही नसते.

इतर किरण खडकाने अडवावेत म्हणून हे कण टिपण्याची उपकरणे खोल खाणीत मांडतात. १९६५ साली आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका व डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह वातावरणात उत्पन्न झालेले न्यूट्रिनो टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीतही ते आढळले.

अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची सुमारे ६०० टनांची टाकी अशाच एका खाणीत ठेवली. सूर्याचे न्यूट्रिनो अपेक्षेच्या एक तृतीयांशच भरले! मोजणी चुकली असे पुष्कळांनी म्हटले. डेव्हिस पंचवीस वर्षांहून अधिक काळ मोजतच राहिले. पुढे १९९८ साली जपानमधील व २००१-०२ साली कॅनडामधील प्रयोगांनी उलगडा केला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, आणि त्या टाकीला एकच प्रकार ओळखू येत होता. प्रकार बदलतो त्या अर्थी न्यूट्रिनोला अल्पसे का होईना, वस्तुमान आहे हेही सिद्ध झाले.

दुसरी तूट एका स्त्रीने ठसठशीतपणे दाखविली. व्हेरा रूबिन यांनी केंट फोर्ड यांच्यासह १९७० साली देवयानी दीर्घिकेचे वेध प्रसिद्ध केले. तिच्या कडेचे तारे मंद फिरावयास हवे होते. ते आतल्यांइतक्याच वेगाने फिरत होते. दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन त्यांना धरून ठेवण्यास पुरेना. न दिसणारे हे कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे, असे आज मानतात. ते कशाचे बनले आहे ते अद्याप कळलेले नाही. ज्ञात न्यूट्रिनो त्यासाठी फारच हलके पडतात.

तिसरा हिशेब आपल्या अस्तित्वाचाच आहे. आरंभी द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान असते, तर ती एकमेकांस भिडून नष्ट झाली असती. अब्जामागे सुमारे एक कण अधिक उरला. त्यातून तारे, पृथ्वी आणि आपण झालो. द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या वर्तनात किंचित फरक आहे, हे १९६४ साली क्रोनिन व फिच यांनी दाखविले, परंतु आजवर आढळलेला फरक पुरेसा नाही. उरलेला फरक न्यूट्रिनोंत असेल काय, याचा शोध जपानात व अमेरिकेत चालू आहे.

तूट दिसताच ती उघड मांडणारी माणसे होती, म्हणून हे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले. आपल्याही किर्दीस हा धडा घेण्याजोगा आहे.