दिनविशेष, १८ मार्च : धुरंधरांचा इतिहास माणसांतून उभा राहिला

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा आज जन्मदिन. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी शिकले, मग तिथेच शिकवू लागले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात, अनेक चित्रकारांच्या कामांतून, 'डू यू कम, लक्ष्मी?' या त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. घरोघरी मात्र ते पोचले छापून निघालेल्या पौराणिक व ऐतिहासिक चित्रांमुळे. त्या चित्रांचे खरे बळ पोथी-बखरींपेक्षा समोरच्या माणसाच्या निरीक्षणात आहे. शिवराज्याभिषेकाच्या चित्रात शंभरावर माणसे आहेत, वाकून मुजरा करणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनही आहे. तरी ती नुसती गर्दी वाटत नाही. ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी नाना जातीजमातींच्या स्त्रिया रंगवणारा हाच हात होता. नेसण्याची तऱ्हा, पागोट्याची घडण, उभे राहण्याची ढब त्याला पाठ होती.

ही शैली ब्रिटिश अकॅडमिक चित्रपरंपरेतून उसनी घेतलेली आणि नाटकी आहे, असा आक्षेप घेतला जातो. यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश तिकडचे, हे खरेच. छापील देवदेवतांचे काही चेहरे एकाच साच्यातले वाटतात, हेही मान्य. पण तंत्र परके म्हणून पाहणेही परके ठरत नाही. धुरंधरांच्या दरबारातली माणसे इथल्या मातीतली आहेत, आणि इतिहासचित्राकडून पहिली अपेक्षा तीच असते. १९४४ साली त्यांचे निधन झाले. कन्या अंबिका याही चित्रकार होत्या.