दिल्ली दरवाज्यावरची नौबत

शनिवार पेठेत, शनिवारवाड्याच्या उत्तराभिमुख दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहून मान वर केली, की खिळ्यांनी जडलेल्या अजस्र कवाडांच्या माथ्यावरचा कमानदार नगारखाना दृष्टीस पडतो. 1730 मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याचे दिवाणखाने 1828 च्या फेब्रुवारीतील अग्निप्रलयात भस्मसात झाले, पण जेथून नगारा झडे ती जागा मात्र उभी राहिली. नौबत म्हणजे पाळी. ठरलेल्या प्रहरी, ठरलेल्या हुद्देदारांनी सत्तेच्या नावाने करावयाचा हा नाद इराणी दरबारांतून मोगलांकडे आला आणि मराठ्यांनी तो आपला केला. अबुल फजलने अकबराच्या नगारखान्यातील नगारे, कर्णे, सनया आणि झांजा मोजून नोंदविल्या आहेत, त्या वाचताना हा केवळ गाजावाजा नसून दरबारचे एक खातेच होते, याची खात्री पटते.

खाते म्हटले, की मला जपानचे स्मरण होते. तेथे 701 च्या कायद्याने दरबारी संगीताचे, म्हणजे गागाकूचे, स्वतंत्र दफ्तर स्थापन झाले; 752 मध्ये नारा येथील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनविधी करणारा बोधिसेन हा भारतीय भिक्षू होता, आणि त्याच्यासह आलेल्या चंपा देशीच्या भिक्षूकडे ज्या नृत्यांचे मूळ परंपरेने जोडले जाते, त्यांतल्या एकात पंख बांधलेली चार मुले हातांतल्या चिमुकल्या झांजा वाजवीत कलविंक पक्ष्याचे रूप घेतात. त्या वाद्यवृंदातील हिचिरिकी हे वीतभर लांबीचे बांबूचे वाद्य तर सनईची दूरची बहीणच. त्याची दुहेरी पत्ती वादक ऊन चहात भिजवून मऊ करतो, आणि मगच तीत फुंकर घालतो.

त्या दफ्तराची परंपरा मोडली नाही, हेच त्या संगीताचे भाग्य. 1870 मध्ये क्योतो, नारा आणि ओसाका येथील वंशपरंपरागत घराणी टोकियोच्या दरबारी सेवेत एकत्र आणली गेली, तीच विद्या आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही शिकविली जाते. आपल्याकडे 1817 च्या 17 नोव्हेंबरला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि ज्या सत्तेच्या नावाने नौबत झडे ती सत्ताच संपली. नौबतीला धनी राहिला नाही. सनई-चौघडा मात्र देवळांच्या नगारखान्यांत आणि लग्नमंडपांत टिकून राहिला, तो सनदेच्या नव्हे, वादकांच्या घराघरांतील शिकवणीच्या बळावर. म्हणूनच आजही मांडवाच्या कोपऱ्यात बसलेला सनईवाला पत्ती ओठांत धरून ओली करतो, शेजारचा साथीदार एकच सूर अखंड धरून ठेवतो, आणि त्या सुरावर पहिली आलापी उमटते.