वकिलाची फी वर्गणीतून: हा हक्क कुणी मिळवला?

दरमहा ठरावीक रक्कम भरा आणि गरज पडेल तेव्हा वकील मिळवा, अशा योजना अमेरिकेत आज कंपन्या विकतात. जणू बाजाराचीच ही कल्पना! इतिहास तसे सांगत नाही. लोकांनी एकत्र येऊन आपल्या माणसांसाठी वकील पुरवणे हा तिथे वकिली आचाराचा भंग मानला जाई. त्या बंदीला मोठा तडा दिला तो कृष्णवर्णीयांनी.

१९५४ साली ब्राऊन खटल्यात शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्यामागे एनएएसीपी या संघटनेच्या चळवळीतले वकील होते. चिडलेल्या व्हर्जिनिया राज्याने १९५६ साली कायदाच बदलला. स्वतः पक्षकार नसलेल्या संघटनेने वकील पुरवणे म्हणजे गिऱ्हाइके गोळा करणे, आणि तो गुन्हा! भाषा व्यवसायाच्या पावित्र्याची. हेतू हा की काळ्या मुलाच्या बापाने एकट्याने, स्वतःच्या खिशातून कोर्टात यावे आणि थकून परत जावे. पावित्र्याच्या नावाने दार बंद करण्याची ही रीत आपण ओळखतो. १९६३ साली 'एनएएसीपी विरुद्ध बटन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मोडीत काढला. दडपलेल्या समूहासाठी खटला लढवणे ही राजकीय अभिव्यक्तीच आहे, असे न्या. ब्रेनन यांनी मानले.

ही वाट मग कामगारांनी धरली. १९६४ साली रेल्वे कामगार जिंकले, १९६७ साली इलिनॉयचे खाणकामगार. या खाणकामगारांची कहाणी मुद्दाम वाचावी. अपघाताच्या भरपाईतले ४०-५० टक्के पूर्वी वकिलाच्या खिशात जात. म्हणून १९१३ पासून संघटनेनेच पगारी वकील ठेवला आणि भरपाई पूर्ण कामगाराच्या हाती पडू लागली. यावर आक्षेप कोणाचा? वकिलांच्या संघटनेचा!

१९७१ साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या मजुरांनी तासाला २ सेंट बाजूला काढून वकिलीचा निधी उभारला. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा निधीत मालकांचाही वाटा घेता येऊ लागला. धंदेवाल्या कंपन्यांची भरभराट त्यानंतरची.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलाचा हक्क दिला. तो वापरलाच पाहिजे. पण तो वकील सरकारी यंत्रणेच्या यादीतून येतो. चळवळीचा वकील ही वेगळी गोष्ट. महाडच्या तळ्याचा खटला डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. प्रतिवादी बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. आज एखाद्या खेड्यातल्या अत्याचारग्रस्त कुटुंबासाठी दहा वर्षे तारखांना उभा राहणारा वकील कोणाच्या पैशावर टिकणार? जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून काढतो. वकिलाच्या वर्गणीची वही किती वस्त्यांत आहे?